खडूची पहिली खूण

रेबेकाबाईंनी नगरकडच्या बेलापुरात मिशनच्या शाळेत बत्तीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं, आणि त्या बत्तीस वर्षांत लोकांसमोर त्या एकदाही एकट्यानं गायल्या नाहीत. नाताळात आग्रह झाला की त्यांचा घसा बसायचा. लग्नात आग्रह झाला की खोकला यायचा, आणि इतका वक्तशीर खोकला एखाद्या डॉक्टरानंही पाहिला नसेल. गावानं त्याचा भलताच अर्थ लावला. 'बाईंनी आपला गळा देवाला वाहिलाय,' असं लोक कौतुकानं म्हणायचे आणि बाई खाली मान घालून पेटीचा भाता हलवत राहायच्या.

गंमत अशी की त्यांना नोकरी लागली होती ती गळ्यावरच. १९७६ साली 'शेरॉन भगिनी' नावाच्या मुलींच्या गटाच्या चार लहान तबकड्या निघाल्या होत्या. प्रत्येक बाजूला एक, अशी आठ गाणी. हे सगळं शाळेतल्या शमुवेल मास्तरांचं खूळ. एका अमेरिकन पाहुणीनं परत जाताना मास्तरांना रेकॉर्डची एक पेटी देऊन टाकली होती. तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधून वाढलेलं, सोल म्हणतात ते गाणं त्यात होतं. एकीनं पुढं होऊन जीव ओतायचा आणि बाकीच्यांनी मागून तिला सावरून धरायचं, ही त्याची रीत. मास्तरांनी ती मराठी गाण्यांना लावली. वेष्टनावर तीन मुलींचा फोटो होता, रेबेका, रूथ आणि सुवार्ता. खाली छापलं होतं, 'मुख्य स्वर : रेबेका'.

ते खोटं होतं. मुख्य स्वर होता ज्ञानेश्वरीचा.

ज्ञानेश्वरी शेतकऱ्याची पोर. गळ्यात तुळशीची माळ, दोन वेण्या, आणि आवाज असा की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडायची. वडिलांनी तिला मिशनच्या शाळेत घातलं ते शिक्षण चांगलं म्हणून. पोरगी मिशनवाल्यांच्या रेकॉर्डवर गाते, हे कळलं असतं तर शाळाही गेली असती आणि ठरत आलेलं लग्नही. म्हणून शिवणकामाच्या परीक्षेला जाते असं सांगून ती मास्तरांबरोबर पुण्याला गेली. परत येताना चौघींनी तिचं नाव कुठं न घेण्याची शपथ घेतली. ज्ञानेश्वरीनं बायबलवर हात ठेवला आणि रेबेकानं ज्ञानेश्वरीच्या माळेवर. कंपनीच्या माणसानं मुख्य गायिकेचं नाव विचारलं तेव्हा मास्तरांची नजर समोर उभ्या रेबेकावर पडली, म्हणून तिचं नाव लागलं. पुढं मास्तर गेले, रूथ गेली, सुवार्ता मुलाकडं परदेशात गेली आणि तिथंच वारली. नाव मात्र रेबेकाला चिकटून राहिलं. सुरुवातीला त्या, आवाज आपला नाही एवढंच, सांगणार होत्या. मग नोकरी लागली, मग मान मिळाला, आणि मग सांगायला फार उशीर झाला.

यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याहून हर्षल नावाच्या मुलाचा फोन आला. त्याची कंपनी जुनी गाणी नव्यानं काढते. शेरॉन भगिनींची आठही गाणी एका मोठ्या तबकडीवर येणार, सोबत माहितीची पुस्तिका, आणि प्रकाशन बेलापूरच्याच चर्चमध्ये. "बाई, त्या दिवशी तुम्ही एक गाणं म्हणायचंच," तो म्हणाला. बाईंना नेहमीप्रमाणं खोकला आला.

"अजून एक विचारायचं होतं," हर्षल पुढं म्हणाला. "आता कॉम्प्युटरवर एकेक आवाज वेगळा काढता येतो. नावं तीन आहेत, पण मला आवाज चार सापडलेत. मुख्य स्वर तुमचा. मग तो खालच्या पट्टीतला, दाराजवळून आल्यासारखा आवाज कुणाचा?"

बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. तो खालच्या पट्टीतला आवाज त्यांचाच होता. त्या फोनवर बोलत होत्या तोही तोच होता. आज ना उद्या या पोराच्या लक्षात येणार. "आठवून सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कोणी बघत नसताना दाराला कडी घातली.

पुढचे चार दिवस त्यांनी अन्न कसं गिळलं ते त्यांनाच ठाऊक. भाजीवाल्यानं "बाई, तुमची रेकॉर्ड निघतीय म्हनं" म्हटलं तरी दचकायच्या. ज्यांना शिकवलं त्या मुली आता आज्या झाल्या होत्या. त्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार आणि बाई तोंड उघडणार. नाही उघडलं तरी कॉम्प्युटर उघडणार. आणि खरं सांगावं, तर ज्ञानेश्वरीचं नाव घ्यावं लागणार. तिचा संसार काष्टीला, श्रीमंत नावाचा मुलगा गावचा पुढारी, घरात माणसांची ये-जा. त्या घरात आपल्या एका शब्दानं काय होईल, हे बाईंना कळेना. पाचव्या दिवशी त्यांनी हर्षलकडून एक साफ केलेलं गाणं मोबाईलवर मागवून घेतलं, आणि नगरला गाडी बदलून काष्टीवरून जाणाऱ्या दौंडच्या गाडीत बसल्या.

ज्ञानेश्वरी अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाईंनी तिला वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पांढरे, कपाळ कोरं, पण बसण्याची ढब तीच, पाठ ताठ.

"रेबे?" तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही गं. तुझ्याशी बोलायचंय."

ओसरीवर श्रीमंत चार माणसांबरोबर बसला होता. बाईंनी आवाज बारीक करून सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरत गेला. तिनं आधी ओसरीकडं पाहिलं, मग घराच्या दाराकडं. "गानं हाय तुझ्याकडं?" तिनं विचारलं. "मी कवाच आयकलं न्हाई. ठेवनार कुठं हुते मी ती तबकडी?"

बाईंच्या अंगावर काटा आला. एकोणपन्नास वर्षं आपण ज्या आवाजावर जगलो, तो हिनं एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी मोबाईल काढला. आवाज कमी कुठून करायचा, हे त्यांना काही जमेना. तेवढ्यात ज्ञानेश्वरीची नात संस्कृती बाहेर आली. "द्या, मी लावते," म्हणाली, आणि आजकालच्या मुली करतात तसं दोन सेकंदांत तिनं ते कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरला जोडून टाकलं.

'वाटेत आहे मी, दिवा ठेव...'

अख्ख्या अंगणात तो आवाज भरला. दावणीच्या गाईनं मान वर केली. ओसरीवरचं बोलणं थांबलं. ज्ञानेश्वरीनं पदर तोंडाशी घट्ट धरला होता, आणि बाईंना वाटलं, झालं, आता सगळं संपलं.

श्रीमंत उठून पायरीवर आला. "कोन गातंय हे?"

गाणं चालूच होतं. मग ज्ञानेश्वरी म्हणाली, "ह्या. रेबेकाबाई. बेलापूरच्या, माझ्या शाळेतल्या."

"आरं वा!" श्रीमंतनं हात जोडले. "मावशी, लई भारी. मंग दोन वळी म्हना की आमच्यासाठी."

ओसरीवरची माणसं उत्सुकतेनं पुढं सरकली. बाईंचा घसा या वेळी खरोखरच बसला. ज्ञानेश्वरीच त्यांच्या मदतीला आली. "परवासानं दमल्यात त्या. जा तू, मान्सं बसल्यात तुझी." तो गेला. सुटलो, असं बाईंना मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याची त्यांना लगेच इतकी लाज वाटली की ज्ञानेश्वरीकडं बघवेना.

"परत लाव," ज्ञानेश्वरी नातीला हळूच म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं खाली मान घालून ऐकलं. संपल्यावर कितीतरी वेळ टरफलं चिवडत राहिली. संस्कृती चहा आणायला आत गेली तेव्हा म्हणाली, "मी अशी गात हुते?"

"अशीच गात होतीस. ज्ञाने, आता सांगू दे मला. सासू-सासरे नाहीत, भाऊजी नाहीत. आता तू भितेस कुणाला?"

"ते म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "पन भीती हाय. तुला शपत हाय, माझं नाव न्हाई घ्यायचं. तुझंच ऱ्हाऊ दे. इतकी वर्सं तू सांभाळलंस."

चोराला राखणदार म्हणावं, तसं बाईंना झालं. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. निघताना संस्कृती त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं विचारलं, "हे गाणं आमच्या आज्जीला कसं येतं? भाकऱ्या थापताना तीच चाल गुणगुणते." बाईंनी तिला प्रकाशनाची तारीख सांगितली आणि घाईघाईनं गाडीत चढल्या.

बेलापूरला पोहोचताच त्यांनी हर्षलला फोन लावला. "तो खालचा आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "मुख्य स्वर माझा नाही, कधीच नव्हता. तिचं नाव विचारू नकोस. मी शपथेत आहे."

"मग पुस्तिकेत काय छापू?"

"जागा रिकामी सोड. माझं नाव शेवटी घाल."

प्रकाशनाच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पहिल्या बाकावर त्यांच्या विद्यार्थिनी, हातात पुस्तिका. काहींनी ती रिकामी जागा वाचलेली दिसत होती, कारण कुजबुज चालली होती. बाईंनी पिशवीतून खडू काढला. मास्तरांची पद्धत तशीच होती. रेकॉर्डिंगला माइक एकच, म्हणून कुणी किती लांब उभं राहायचं त्याच्या ते फरशीवर खुणा करायचे. ज्ञानेश्वरीची खूण सगळ्यात पुढं, रेबेकाची सगळ्यात मागं, दाराजवळ. बाईंनी वाकून चार खुणा काढल्या आणि चौथ्या खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"या गाण्यात मी पुढं नव्हते, इथं होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्हाला फसवलं."

मग त्यांनी आपली ओळ म्हटली. ती ओळ म्हणजे नुसता हुंकार. चार सूर खाली, दोन वर, मध्ये लांब थांबा, जिथं पुढचीचे शब्द यायला हवेत. त्या थांब्यांत सगळे त्या पहिल्या मोकळ्या खुणेकडं बघत होते. बाई खुणेवरून हलल्या नाहीत. संपल्यावर टाळी वाजली नाही. पुढच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीनं उठून त्यांना पाणी दिलं, आणि आता गावात आपल्याला कोण काय म्हणेल ते बाईंना कळेना.

मागच्या बाकावरून संस्कृती पुढं आली. तिच्या हातात व्हिडिओ कॉल लावलेला मोबाईल होता, पूर्ण वेळ वर धरलेला. पडद्यावर चूल होती, परात होती, आणि पिठानं माखलेले दोन हात. तोंड दिसत नव्हतं. हात परातीवर तसेच थांबले होते.

"आज्जीनं सगळं ऐकलं," संस्कृती बाईंच्या कानाशी म्हणाली. "तिनं निरोप दिलाय. म्हणाली, रेबीला सांग, दुसऱ्या थांब्यानंतर तू लवकर शिरलीस. माझा शब्द पुरा व्हायच्या आत. तवाबी शिरायचीस."