मावशीचा डावा पीळ

सुलभामावशीच्या हाती वळण्याजोगं काही लागलं, की आम्ही पळवाट शोधायचो. चार्जरची वायर, कुणाचा गजरा, एकदा तर नवरदेवाच्या मुंडावळ्या! "प्रथिन म्हणजे माळ रे नुसती. ती कशी वळते, कुठे दुमडते, त्यावर तिचं काम ठरतं." पालघरच्या कॉलेजात तिने जन्मभर हेच शिकवलं. वर्गासाठी प्रथिनाचा नमुनाही स्वतःच केला होता, तांब्याची तार लाटण्यावर गुंडाळून.

ती निवृत्त झाल्यावर माझ्या लेकीने तिला मोबाइलवर प्रथिनाचं फिरतं चित्र दाखवलं. "उलटं काढलंय," मावशी म्हणाली. मग नमुना शेजारी धरला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रथिनातला पीळ उजवा असतो, साध्या स्क्रूसारखा. डावखुऱ्या मावशीने तो डावा घातला होता.

तिला जेवण जाईना. "इतक्या पोरांना उलटं शिकवलं. तोंड कसं दाखवू?"

"कुणाला काय फरक पडतो, मावशी?" हे माझं शहाणपण.

मग माफीची फेरी निघाली. स्कूटरवर सारथी मी. बोईसरला शिफ्ट सुटताना तिने कंपनीच्या फाटकावर एका टकलू केमिस्टला, तिच्या जुन्या विद्यार्थ्याला, अडवलं. "मोहिते, पीळ उजवा. चुकलं माझं." मोहिते चारचौघांत लाजून चूर. वॉचमन मला म्हणाला, "माताजी की तबीयत ठीक है ना?" मी हेल्मेट काढलंच नाही.

चिंचणीला तिची जुनी विद्यार्थिनी भारती अंगणात बसून, वाळत घालायला बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या लावत होती. मावशीने तेच सांगितलं. भारती खळखळून हसली. "बाई, मना तं पीळ होता तेच ठाव नाय! आमी मार्कांपुरतं घोकलेलं. डावा नाय नि उजवा नाय."

सुटली मावशी, असं मला वाटलं. पण तिचा चेहरा आणखीच उतरला. "म्हणजे मी तुला काहीच शिकवलं नाही."

"अवो, वाईट नका वाटून घेऊ."

"वाटायलाच हवं." ती बोंबलांच्या परातीपाशी बसली. "वेळ आहे? पहिल्यापासून सांगते."

"हात रिकामे नाय, बाई."

"कान आहेत ना?"

मावशी सांगत राहिली. मध्येच भारतीचे हात थांबले. "मंग माळ चुकीची दुमडली तं?"

"तर ती तिचं काम विसरते. कधी कधी त्यातून आजारही होतात." मावशी पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे वळली. "तुला रे, कळलं होतं कधी?"

आजवर या प्रश्नाला मी मान डोलावत आलो होतो. त्या दुपारी ती डोलेना. चपला काढल्या आणि भारतीशेजारी जाऊन बसलो.

"सरका, भाऊ," ती म्हणाली, "बोंबलावर बसाल."