डाव्या पुढच्या चाकाचा आवाज

उज्जैनचा माणूस अनुभव सांगतोय म्हटलं की वाचणाऱ्यांना वाटतं, आता स्मशान येणार, अघोरी येणार... तसलं काही नाही. माझं नानाखेड्याला गाड्यांचं गॅरेज आहे आणि मागेच घर. नवीन गाडीच्या चाकाखाली लोक लिंबू ठेवतात ना, ती चिरडलेली लिंबं झाडून टाकणारा माणूस मी. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण गेल्या वर्षी जे झालं ते कुठे ठेवावं मला कळत नाही. आणि खरं सांगू, मला त्याची भीती कमी आणि लाजच जास्त वाटते.

आमच्याकडे माझ्या कानाचं फार कौतुक. गाडीत बसून एक चक्कर मारली की कुठला पार्ट गेलाय ते सांगायचो. पण काही वर्षांपूर्वी एका तापात डावा कान पूर्ण गेला. उजव्याला बोलणं कळतं, पण खालचा, घुमणारा आवाज पोचत नाही. हे फक्त बायकोला, सुनीताला, माहीत. ती म्हणायची, "अहो, मशीन लावून घ्या ना, शरम कसली त्यात!" मी टाळायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची! गिऱ्हाइकालाच बोलतं करायचं, हाताने तपासायचं, आणि वर ऐकल्यासारखी मान हलवायची... चालून जात होतं.

त्या दिवशी माधव नगरला ताईकडे तिच्या लेकीचं, केतकीचं, डोहाळजेवण होतं. जेवणं झाल्यावर भावजी तिला इंदूरला सासरी सोडायला निघणार होते, तिकडचंही डोहाळजेवण व्हायचं होतं. अंगावर हिरवी साडी, फुलांचे दागिने तसेच. मला म्हणाली, "मामा, गाडी जरा बघून घ्या ना. पुढच्या बाजूला खालून घूं-घूं येतं. स्पीड वाढली की तेही वाढतं."

गाड्यांशी ज्याचा संबंध आहे तो एवढ्यावरूनच ओळखेल — चाकाचा हब. हब म्हणजे ज्यावर चाक बसतं आणि फिरतं तो भाग. त्यातलं बेअरिंग झिजलं की असा आवाज येतो, वळणावर जास्त. फारच झिजलं तर चाक डगमगतं, निखळूही शकतं. तपासायला अगदी सोपं. जॅक लावायचा, चाक वर-खाली धरून हलवायचं, मग एक हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने फिरवायचं. खरखर हाताला कळते, कानाची गरजच नाही.

पण अंगणात सगळे पाहुणे उभे. भावजी मोठ्याने म्हणाले, "अरे, जॅक-बिक कशाला? आमचा अरुण तर ऐकूनच सांगून देतो!" झालं... मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. गाडीत बसलो, टॉवर चौकापर्यंत चक्कर मारली. मला काहीही ऐकू आलं नाही. उतरून म्हणालो, "टायरचा आवाज आहे. बिनधास्त जा." नाचता येईना, अंगण वाकडं.

केतकी म्हणाली, "पण मामा, टायर तर आत्ताच बदललेत." आणि मी — हे लिहितानाही मान खाली जाते — सगळ्यांसमोर म्हणालो, "अगं, या दिवसांत बायकांना काय काय ऐकू येतं!" सगळे हसले. तीही हसली, पण तिचा चेहरा पडला होता.

घरी येऊन आडवा झालो. मी चांगल्या कानावर झोपतो, तेवढीच शांतता. डोळा लागतो न लागतो तोच डाव्या कानात घुमायला लागलं. घूं... घूं... ज्या कानाने मी इतक्या वर्षांत सुनीताची हाकसुद्धा ऐकली नव्हती, त्या कानात! कान वाजत असेल म्हणाल, तर तेही मला ठाऊक आहे, तो एकसारखा वाजतो. हा आवाज कोणी ॲक्सिलरेटर दाबावा-सोडावा तसा वाढत होता, उतरत होता. उठून बसलो तरी थांबेना.

"पंखा घरघरतोय का गं?"

"लाइट केव्हाची गेलीये. पंखा तर बंद आहे," सुनीता म्हणाली.

एकदम आवाज चढला, थोडा टिकला, परत उतरला. डावा हब गेला की उजव्या वळणावर नेमकं असंच होतं, कारण वजन डाव्या चाकावर येतं. आयुष्य गेलंय माझं यात. भावजींचा फोन लावला. ते गाडी चालवत होते, केतकीने उचलला.

"आत्ता गाडी उजवीकडे वळली का?"

"हो... रस्त्याचं काम चालू आहे ना, डायव्हर्जन आहे. का?"

"बाबांना सांग, गाडी साइडला लावा. लगेच. डावं पुढचं चाक!"

फोन उजव्या कानाला होता. डाव्या कानातला आवाज हळू झाला, अजून हळू झाला, आणि बंद पडला. मग फोनवर केतकी म्हणाली, "थांबलो, मामा."

इंदूरच्या वाटेवर सांवेर गावाच्या अलीकडे ते उभे होते. मी फोनवर सांगत गेलो तसं भावजींनी जॅक लावून चाक हाताने हलवलं तर लटपटलं, हबला हात लावता येईना इतका तापलेला. गाडी टो करून आणली, हब काढला. बेअरिंगचे तुकडे झालेले, ग्रीस जळून काळं. अजून थोडं गेले असते तर... पुढचं लिहवत नाही. नवीन हब बसवला, चाक फिरवलं, हाताला कसलीही खरखर नाही.

भावजींनी ही गोष्ट गावभर केली. "घरी बसून ऐकलं अरुणने!" केतकीला मुलगी झाली, तर बारशालाही तेच. मग मला राहवेना. सगळ्यांसमोर म्हणालो, "मला गाडीत काहीच ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही. केतकी बरोबर सांगत होती आणि मी तिची थट्टा केली." लोक हसले. "बघा, किती साधा माणूस!" एक जणही विश्वास ठेवेना.

केतकी तेवढी हसली नाही. बाळाला घेऊन जवळ बसली. "मामा, गाडीत नाही आलं, मग घरी कसं ऐकू आलं?"

"नाही माहीत गं."

आजही नाही माहीत. डॉक्टरांनी तपासलं, डावा कान पूर्ण बंद आहे, त्यात पुन्हा कधी काही वाजलं नाही. उजव्याला मशीन लावलंय. आता प्रत्येक गाडीला आधी जॅक लावतो.

पण बारशाच्या त्या दिवशी केतकी हळूच म्हणाली, "आवाज खूप वाढला होता, मामा. बाबांना सांगितलं नाही मी, म्हटलं परत सगळे हसतील. मनातल्या मनात एकच म्हणत होते... मामा, ऐका ना. मामा, ऐका ना."

तिचं ते माझ्यापर्यंत कसं पोचलं, मला सांगता येणार नाही. तिला ते मोठ्याने का म्हणता आलं नाही, ते मात्र मला चांगलं माहीत आहे.