सारखे केलेले डोळे

आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागतं आणि दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या कपाळाशी अधांतरी ठेवावे लागतात. जोगेश्वरीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी हे काम अठरा वर्षं केलं. मग एका दिवाळीच्या गर्दीत, दुपारच्या पाचव्या-सहाव्या बाईपाशी दातांतला दोरा सुटायला लागला. जबडा आपोआप सैल पडायचा, हात खाली यायचे, बोलणं जड व्हायचं. एका नवरीची भुवई अर्धी उडाली. तिच्या आईने गल्लीभर माझा उद्धार केला.

सकाळी मात्र मी ठणठणीत असायचे आणि हाच माझा गुन्हा ठरला. सकाळी बादलीभर कपडे धुणारी बाई दुपारी हात उचलत नाही, म्हणजे नाटकंच. नवरा म्हणायचा, "डोक्यात आहे गं तुझ्या सगळं. जरा चालायला जात जा ना."

तीन वर्षांत चार डॉक्टर झाले. रक्त तपासलं, मानेचा एमआरआय काढला, हातापायांत सुया टोचून करंट दिला. दर वेळी पाकीट उघडावं तर आत सगळं नॉर्मल. लोक रिपोर्ट चांगला यावा म्हणून नवस बोलतात, मी मनात म्हणायचे, काहीतरी निघू दे रे बाबा. असं मागायची लाज वाटायची, आणि ते मागायला लावणाऱ्यांचा त्याहून जास्त राग यायचा. एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" नवरा हसला. ते हसणं मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

डॉक्टरकडे जायची आमच्या घरची एक रीत होती. आदल्या दिवशी पार्लर बंद ठेवून मला सक्तीने झोपवायचं. पहाटे नवऱ्याने जाऊन पहिला नंबर लावायचा, म्हणजे त्याला वेळेत कामावर पोचता येई. सासू मालवणकडची. ती दारात उभी राहून बजावायची, "अशी भिकाऱ्यासारखी जातलंस? चार लोक बघतले. तोंडाक काय तरी लाव गो."

मी लावायचे, आणि तेही कसं! डावी पापणी तोवर उतरायला लागली होती, सकाळीसुद्धा थोडी. वाकडा डोळा घेऊन पार्लरवाली बाहेर पडली तर तिच्यापुढे कोण तोंड करून बसेल? मग डावीकडे लायनर जाड, उजवीकडे बारीक, भुवई पेन्सिलीने किंचित वर. किती नवरींचे डोळे मी असे सारखे करून बोहल्यावर पाठवले होते. डॉक्टर समोरून बघायचे आणि म्हणायचे, "चेहऱ्यावरून तर छान आहात."

पाचव्या डॉक्टर अंधेरीच्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे सकाळचा नंबर मिळेना. संध्याकाळी सहाचा मिळाला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मग सात गिऱ्हाइकं उरकून मी एकटीच गेले. डोळे अर्थातच सारखे केले होते. त्यांनी दोन मिनिटं निरखलं आणि म्हणाल्या, "आधी तोंड धुऊन या."

धुऊन आले. त्या बघतच राहिल्या. "हे तुम्ही रोज झाकता?"

"धंदा आहे माझा," मी म्हटलं.

धंदा कोणता ते विचारल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि मान मागे टाकली. "करा माझी आयब्रो." पर्समध्ये रीळ होतंच. सुरुवात बरी झाली. पण एक भुवई निम्मी व्हायच्या आत दोरा तोंडातून गळला, हात त्यांच्या खांद्यावर पडले. अर्ध्या भुवईनिशी त्या उठल्या आणि सगळं लिहून काढलं. "रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणजे आजार नाही, असं नसतं. नाव मी आत्ताच देणार नाही. अजून एक तपासणी करू, पण तुम्ही अशा दमलेल्या असताना. डोक्यातलं नाही हे."

मी रडले. सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. तीन वर्षं पुरावा माझ्या तोंडावर होता आणि डॉक्टरकडे जाण्याआधी मीच तो पुसून टाकत होते.

घरी नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला. "अगं, मग हे त्या बाकीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

सांगण्यासारखं खूप होतं. पण जीभ जड झाली होती, शब्द घोगरे, अर्धे येत होते. तो समजूतदारपणे म्हणाला, "राहू दे, उद्या सकाळी सांग. संध्याकाळी तुला बोलता येत नाही, मला काय माहीत नाही?"

त्याला माहीत होतं. चारही डॉक्टरांसमोर तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.