टाकावरचं लेकरू

गेल्या वर्षी मार्चच्या नऊ तारखेला, रविवारी दुपारी, अकोल्याच्या सराफ्यात एका सोनाराने चिठ्ठीवर २,३४० रुपयांचा आकडा लिहिला. दुकानात आम्ही पाच जण होतो: मी, माझी आई, माझे मेहुणे, त्यांची दुसरी बायको आणि सोनार. मेहुण्यांची पहिली बायको म्हणजे माझी धाकटी बहीण. ती जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

बहिणीला सातवा महिना होता. ताप आला, तीन दिवस दवाखान्यात राहिली आणि चौथ्या दिवशी गेली. पोटातले बाळही तिच्याबरोबर गेले. मी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात हिशेब पाहतो. दवाखान्याची सगळी बिले तारखेप्रमाणे लावून मी अजून ठेवली आहेत. आईला त्या फाइलचा काही उपयोग नव्हता. तिचा एकच प्रश्न होता आणि तो ती वर्षानुवर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिली: लेकरू कोणाजवळ असेल?

तीन वर्षांनी मेहुण्यांनी लग्न केले. मुलगी शेंदूरजनाघाटची, संत्र्याचा बगीचा असलेल्या घरातली. आमच्याकडे रीत अशी की पहिली बायको वारलेली असली तर दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे नखाएवढा किंवा थोडा मोठा चांदीचा पत्रा, त्यावर उठावाची मूर्ती. देवघरातल्या टाकावर देव असतात, गळ्यातल्या या टाकावर गेलेली बाई असते. नवी साडी आधी त्या टाकाला लावायची, सणाचा पहिला घास आधी त्याला दाखवायचा. आणि पहिलीचे माहेर हे दुसरीचेही माहेर व्हायचे. म्हणून ही मुलगी माझ्या आईला आई म्हणते, मला दादा.

लग्नानंतर पहिल्यांदा ती अमरावतीला आमच्या घरी आली आणि आईच्या पाया पडायला वाकली, तेव्हा टाक मंगळसूत्राच्या बाहेर लोंबला. आईने तो हातात घेतला, उजेडाकडे वळवला. बराच वेळ पाहिला. मग मला हाक मारली.

"हे पाय. पायाजवळ काय हाय?"

मी पाहिले. उभी बाई होती, हळदीकुंकवाने बुजलेली, नाकडोळे असे काही नाहीत, आणि पायाशी एक उंचवटा.

"लेकरू हाय," आई म्हणाली. "संगच हाय तिच्या."

मी हो म्हणालो. खरे तर मला तो नुसता उंचवटा दिसला होता. पण त्या दिवसानंतर तिने तो प्रश्न कोणालाही विचारला नाही. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या आगेमागे, ती अकोल्याला मेहुण्यांच्या घरी जाऊ लागली. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीत तिला तिकीट लागत नाही, माझे लागते. मूर्तिजापूरला बस थांबली की चहा घ्यायची, अकोल्यात उतरल्यावर ऑटोत घाई करायची. तिथे पोचल्यावर पाणी पिण्याआधी त्या मुलीला समोर बसवायची, टाक बोटांत धरायची आणि अंगठ्याने खालचा भाग पुसायची. ती मुलगी मान पुढे करून बसून राहायची. कधी कंटाळली नाही.

मार्चच्या त्या भेटीत टाकाची कडी झिजून तुटली होती. भांडी घासताना तो मोरीत पडला आणि नशिबाने जाळीवर अडकला. मेहुणे म्हणाले, "दादा, तुमी आले आहा तर चला, डाग लावून आणू." डाग लावणे म्हणजे सांधणे. आईही निघाली. "माह्या लेकीचं काम हाय, मी घरी कायले बसू?"

सोनार म्हातारा होता. त्याने टाक काट्यावर ठेवला: चार ग्रॅम एकशे वीस मिली. डाग बसायला आधी मळ काढावा लागतो म्हणून तो रिठ्याच्या पाण्यात घालून बारीक ब्रशने घासू लागला. आई, मेहुणे आणि ती मुलगी बाकावर चहा घेत होती. मी काउंटरशी उभा होतो, कारण वजन आधी आणि नंतर दोन्ही वेळा पाहायची मला सवय आहे.

सोनाराने टाक पुसला, डोळ्याला भिंग लावले आणि हळू आवाजात विचारले, "भाऊ, हा कोणाच्या नावचा?"

"माझ्या बहिणीच्या. यांची पहिली."

"मग देवीचा टाक काहून दिला गळ्यात?"

त्याने भिंग मला दिले. मळ गेल्यामुळे आता स्वच्छ दिसत होते. दोन हात खाली होते आणि दोन वर. वरच्या एका हातात त्रिशूळ. आणि पायाशी जो उंचवटा होता त्याला आयाळ होती, उघडे तोंड होते.

सोनार सांगत होता, "बाईच्या टाकाले दोन हात अन् जोडलेले. कुंकू, पदर, बस. चार हात दिसले की देवी. वाहन तर हायेच."

इथे मी गप्प राहू शकलो असतो. सोनार हळू बोलला होता, बाकावर कोणाला ऐकू गेले नव्हते. डाग लावून, दोनशे रुपये देऊन आम्ही घरी गेलो असतो. पण वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या चुका शोधून त्याभोवती लाल पेनाने गोल काढण्याचा पगार घेतो आहे. मी वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हा टाक तिचा नाही. देवीचा आहे. खाली सिंह आहे."

आईने कप खाली ठेवला. "काय हाय?"

"सिंह."

ती उठली नाही, भिंगही मागितले नाही. मेहुण्यांकडे पाहत राहिली. मेहुण्यांचा चेहरा पडला. मग खरे काय ते हळूहळू बाहेर आले. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या आईला टाकाची आठवण झाली. करून घ्यायचा तर चार दिवस लागणार, मुहूर्त सकाळचा. मेहुणे बाजारात धावले. एका दुकानात दोऱ्याला तयार टाक ओवलेले होते. दुकान बंद व्हायच्या बेतात होते.

"मी म्हटलं बाईचा द्या. त्यानं हा काढून देल्ला. मले वाटलं बाईच हाय."

"चार हात मोजता नाही आले तुमाले?" त्यांची बायको म्हणाली. "शाळेत पोरांले पाढे शिकवता ना?"

"अंधार होता व. अन् बाईच तर हाय ते."

सोनाराला हसू आले, त्याने ते खोकल्यात लपवले. मीही हसलो असतो, पण आईकडे लक्ष गेले.

ती मुलगी उठून काउंटरशी आली आणि टाक हातात घेतला. "तीन वर्सं मी कोणाले ताई म्हणून राहिली होती?" ती कोणाला विचारत होती ते कळले नाही. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, टाक कोनाचाबी असो, मी बोलत होती ते तिच्यासंगच."



सोनाराने तोडगा सांगितला. बाईचा टाक ठशावर नव्याने काढायचा, नीट जाड पत्र्याचा, अकरा ग्रॅमचा. चांदीचे ११५५, घडणावळ ८८५. देवीचा टाक तो मोडीत घेणार नव्हता. म्हणाला, देवी घरी न्या, देवघरात बसवा. तेव्हा आई पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"त्यात लेकरू काढता येते का?"

"येते ना, मायबाई. कडेवर काढतो. हातानं काढा लागते, तीनशे वर होईल." त्याने चिठ्ठीवर ३०० लिहिले, खाली रेघ मारली आणि २,३४० बेरीज केली. "पोरगा होता का पोरगी?"

"झालंच नाही," आई म्हणाली. "पोटातच होतं."

सोनाराने पेन ठेवले. "मग नाही जमत, मायबाई. जन्मलं नाही, नाव ठेवलं नाही, त्याले टाकावर नाही घेत."

"पैसे जास्त देतो," मेहुणे म्हणाले.

"पैशाचं नाही भाऊ. माह्या बापानंबी काढलं नाही कधी. कोनी काढनार नाही अकोल्यात."

मेहुणे म्हणाले, घरी बोलून कळवतो. चिठ्ठी मी खिशात ठेवली. देवीचा टाक त्या मुलीने पदराच्या गाठीत बांधला.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. बडनेरा मागे पडले. मग म्हणाली, "तू सांगाचं नव्हतं."

"खोटं कसं ठेवू, आई?"

"कोनाच्या हिशेबात होतं ते? तुया वहीत होतं का?"

मी खिशातली चिठ्ठी काढून तिची बेरीज पुन्हा तपासली. 

त्यानंतर तिने जेवण कमी केले असे मी म्हणणार नाही. दोन पोळ्या खायची, दोनच खात राहिली. पण तो जुना प्रश्न परत आला. दुधवाल्याला, शेजारच्या वकिलीणबाईंना, माझ्या बायकोला. लेकरू कोणाजवळ असेल? मी घरात असलो की विचारत नसे.

अकोल्याहून मेहुण्यांच्या आईचे फोन येऊ लागले. सून टाकाशिवाय फिरते, बरे नाही, काय ते लवकर ठरवा. मेहुणे म्हणायचे, तुमच्या आई म्हणतील तसे करू. आई काहीच म्हणत नव्हती. अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी ती मुलगी एकटी बसने अमरावतीला आली.

तिने गाठ सोडून टाक आईच्या हातावर ठेवला. कडी तिने दुसरीकडून लावून घेतली होती.

"आई, मी हाच घालते. घरच्यायले मी पायते. तुमी म्हना लेकरू, मीबी म्हनते लेकरू. कोनाले का करा लागते?"

मी दारात उभा होतो. मनातून मी प्रार्थनाच करत होतो की आईने हो म्हणावे. देवीचा टाक गळ्यात घालणे बरोबर की चूक, याच्याशी मला त्या क्षणी काही घेणे नव्हते.

आईने चष्मा लावला. टाक उजेडाकडे धरला, पूर्वी धरायची तसाच. अंगठा खालच्या भागावर नेला आणि तिथेच थांबवला. जवळ धरला, लांब धरला. चष्मा काढून पाहिला.

"नाही व माय," ती म्हणाली. "सिंहच दिसते. आता सिंहच दिसते."

मुलगी रडू लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतः रडली नाही. मग चहा झाला. मग तिने मला चिठ्ठी आणायला सांगितली. मी आणली. तिने ती वाचली नाही, माझ्याकडे परत दिली.

"दोन हातांचा कराले सांग. एकटीचाच."

देवीचा टाक तिने मुलीला परत दिला, देवघरात ठेव म्हणाली. ओटी भरली आणि गाडीची वेळ विचारली. मी मुलीला स्टँडवर सोडायला गेलो. ऑटोत ती म्हणाली, "दादा, आता येतील का आई अकोल्याले?" मी म्हणालो, येईल. आई त्यानंतर आजपर्यंत गेलेली नाही.

टाक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तयार झाला. मेहुण्यांनी फोटो पाठवला: दोन हात जोडलेली बाई, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकवाचा ठिपका. मी फोन आईसमोर धरला. तिने पाहिला आणि म्हणाली, "बरा काढला." पैसे मेहुणे देणार होते, मी ऐकले नाही. चिठ्ठीवरच्या तीनशेवर काट मारली आणि राहिलेले २,०४० रुपये माझ्या खात्यातून सोनाराला पाठवले.