साडेचारचा हॉर्न

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून झाले की नवऱ्याला सांगते, "काही नाही रे, कुठेतरी लूज कनेक्शन असणार." मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. महाप्याच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनल तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. करंट असेल तर वस्तू चालते, नसेल तर चालत नाही — एवढीच माझी श्रद्धा. भास, संकेत, अतृप्त आत्मे वगैरे मंडळींना माझ्या डोक्यात कधी जागाच नव्हती. तरी हे लिहायला बसलेय, कारण या गोष्टीत मी स्वतःच्या कानांनी साक्षीदार आहे. आणि दुसरं म्हणजे, ही गोष्ट आठवली की मला अजून हसू येतं.

साल १९९७. आम्ही नेरूळला सेक्टर आठमध्ये नवा फ्लॅट घेतला होता. तिसरा मजला, लिफ्टची जागा तयार पण लिफ्टचा पत्ता नाही, टेलिफोनचा अर्ज भरलेला आणि फोन कधी येईल ते देवाला ठाऊक. मुक्ता, माझी मुलगी, तीन वर्षांची होती. ती पाळणाघरात रडायची आणि मी महाप्याला पॅनलसमोर बसून रडायचे. शेवटी मी नागपूरला आईला पत्र लिहिलं — तुम्ही दोघं आता इकडेच या, कायमचे.

आई एका पायावर तयार. नातीसोबत राहायला मिळणार म्हणून तिने लोणच्याच्या बरण्यासुद्धा बांधायला घेतल्या. अडून बसले ते बाबा. कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेले, अतिशय शांत आणि तितकेच हट्टी. त्यांचं म्हणणं, "लेकीच्या घरी माणूस चार दिवस पाहुणा म्हणून शोभतो. मुक्काम ठोकून राहत नसते." माझा नवरा गिरीश स्वतः नागपूरला जाऊन त्यांना समजावून आला. तेव्हा कुठे बाबांनी अट घातली, "गाडी येईल तर मी येईन."

गाडी म्हणजे त्यांची पांढरी अँबॅसिडर. सेकंडहँड घेतलेली, माझ्याहून थोडीच लहान. या गाडीची आमच्या घरात एक पद्धत होती. बाबा कॉलेजातून परत येताना गल्लीच्या वळणावर हॉर्न द्यायचे — एक लांब, दोन छोटे. वेळ साडेचार. तो ऐकला की आई चहाचं आधण ठेवायची. बाबा गाडी लावून, बूट काढून, हातपाय धुऊन बसेपर्यंत कप समोर. रिटायर झाल्यावरही ते दुपारी लायब्ररीत जायचे आणि साडेचारला हॉर्न देऊनच परतायचे. आई-बाबांना एकमेकांशी प्रेमाचं काही बोलताना मी जन्मात ऐकलं नाही. पण तो हॉर्न रोज ऐकला, आणि मला वाटतं तेच ते होतं.

तर गाडी ट्रकमधून पाठवायची ठरली. पाठवताना पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी करतात आणि बॅटरीची वायर सोडवून ठेवतात. बाबांनी वायर सोडवली नाही, अख्खी बॅटरीच काढली. ती नवीन होती, आणि "रस्त्यात बॅटरी बदलून टाकतात हे लोक" याची त्यांना पक्की खात्री. एक किल्ली ट्रक ड्रायव्हरला दिली, दुसरी खिशात ठेवली, आणि बॅटरी सोलापुरी चादरीत बांधून, ट्रेनमध्ये बर्थखाली उभी ठेवून दादरपर्यंत सोबत आणली. उतरताना हमालाने गाठोडं उचलून विचारलं म्हणे, "साहेब, आत देव हाय का?"

घरी आल्यावर बॅटरी त्यांच्या पलंगाखाली गेली. सुटकेस मात्र त्यांनी उघडली नाही. मी म्हटलं, "बाबा, किल्ली ठेवा ना शोकेसमध्ये." नागपूरच्या घरात दाराशेजारी गाडीच्या किल्लीसाठी खास खिळा होता. बाबा म्हणाले, "राहू दे खिशात. गाडी आली का पाहू."

गाडी चार दिवसांत येणार होती. पाच झाले, सहा झाले. मी तुर्भ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने रजिस्टर काढलं आणि बोट ठेवलं — डिलिव्हरी झाली, परवाच. ही बघा सही. सही म्हणजे गांडूळ वळवळल्यासारखी एक रेघ. आमच्या बिल्डिंगमध्ये तर कोणीही सही केली नव्हती. ड्रायव्हर कुठेय? तो सुरतेला गेला, आला की विचारतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "दसऱ्याला गाडीची पूजा केली नाही असं एक वर्ष गेलं नाही. दसऱ्यापर्यंत वाट पाहतो. नाहीतर त्याच संध्याकाळच्या ट्रेननं नागपूर." आणि खरोखर तिकिटं काढून आणली, दोन! आईने त्या दिवशी मुक्ताला मांडीवरून खाली उतरूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आई दारातच उभी. "वंदू, अगं आज हॉर्न वाजला."

"कुठला हॉर्न?"

"आपल्या गाडीचा. साडेचारला. एक लांब, दोन छोटे. मी चहा टाकला ना, सवयीनं. मग लक्षात आलं का हे तर हॉलमध्येच बसून राहिले!"

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील. ते पेपरात बघत म्हणाले, "ऐकला मी पण."

मी समजावलं. हायवे जवळ आहे, हजार गाड्या जातात, कोणाचा तरी हॉर्न तसाच असेल. बाबांनी मान डोलावली. पुढच्या दिवशी परत साडेचार, परत हॉर्न. आता मुक्ताही "आबांची गाडी, आबांची गाडी" करत घरभर नाचायला लागली. ते दोघं काळजीत आहेत, गाडीची आस लागली आहे, त्यातून हे होतंय... असं मी गिरीशला सांगितलं. मनातून मला स्वतःचाच राग येत होता. आई-बाबांना उचलून आणलं, आणि त्यांची एवढी जिवाभावाची वस्तू मी हरवून बसले!

दसरा उजाडला. दाराला झेंडूचं तोरण, ताटात श्रीखंड, आणि हॉलच्या कोपऱ्यात बाबांची न उघडलेली सुटकेस. तिच्यावर आता आईचीही पिशवी. मुक्ता त्या पिशवीवर बसून होती, उतरायला तयार नव्हती. साडेचारला मी गॅलरीत कपडे काढत होते.

एक लांब. दोन छोटे.

तो हॉर्न मी लहानपणापासून ऐकलाय. शेवटच्या छोट्याला जरा घोगरा व्हायचा, तसाच झाला. उजवीकडून आला, सानपाड्याच्या बाजूने. स्वयंपाकघरात लायटर वाजला, आईने आधण ठेवलं होतं.

"आई, गॅस बंद कर!" मी ओरडले आणि तशीच जिना उतरत सुटले. रस्त्यावर अँबॅसिडर सोडा, सायकलसुद्धा नव्हती. गेटजवळ फक्त जनार्दन आपल्या रिक्षाला झेंडूची माळ बांधत होता. तो जवळच्या शिरवणे गावचा. मुक्ताला पाळणाघरात नेणारा रिक्षावाला, आम्हाला घरच्यासारखा.

"काय झाला ताई? दसऱ्याच्या दिवशी अशा काय धावताव?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. ट्रक, सही, हॉर्न. त्याने हॉर्नचं काही विचारलं नाही. माळ बांधता बांधता एवढंच विचारलं, "पत्ता काय लिवलेला?"

"प्लॉट चौदा, सेक्टर आठ, नवी मुंबई."

"आनि नेरूल?"

मी नकारार्थी मान हलवली.

"ताई, सेक्टर आठ तर सगलीकरं हाय. वाशीन हाय, बेलापुरान हाय, सानपाड्यान हाय. नेरूल लिवला नाय तर तो डायवर कंच्या आठान जाल?"

मी कपाळावर हात मारला. इथे राहणारं कोणीच नेरूळचा उच्चार करत नाही. भाजीवाला, पाळणाघर, ऑफिसची बस, सगळ्यांना आम्ही नुसतं 'सेक्टर आठ' सांगतो. तेच मी नागपूरला पत्रात लिहिलं आणि बाबांनी तेच ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, बिल्टीवर, उतरवून घेतलं. वर इंजिनिअर म्हणून मिरवते!

"चला, सानपाड्याला," मी म्हटलं. का सानपाडा, वाशी किंवा बेलापूर का नाही, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एवढ्यात मंडळी खाली आली. पुढे मुक्ताला कडेवर घेऊन आई, मागे गिरीश, आणि सगळ्यात मागून बाबा — दोन्ही हातांत सोलापुरी चादरीतलं गाठोडं, घामाघूम, तीन मजले उतरून.

"बाबा, अजून नक्की नाही हो," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले आणि बॅटरी मांडीवर घेऊन रिक्षात बसले. गिरीश स्कूटरवर मागून आला.

सानपाड्याला सेक्टर आठ तेव्हा अर्धं बांधून झालं होतं. प्लॉट चौदावर एक नवी, पिवळ्या रंगाची बिल्डिंग होती. गेटमधून आत शिरलो आणि समोर आमची गाडी. धुतलेली. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, वायपरमध्ये आपट्याची पानं. आणि भोवती सात-आठ माणसं, प्रत्येकाच्या हातात चहाचा कप.

"तुमची काय ही?" एक टक्कल पडलेले गृहस्थ पुढे आले. सोसायटीचे सेक्रेटरी, सावंत. "अहो आठवडाभर बोर्डावर नोटीस लावलीय, गाडी कोणाची म्हणून! ड्रायव्हरने पत्ता दाखवला, बरोबर होता, मी सही केली. वाटलं, नवीन पार्टी राहायला येतेय."

"हार..." आई कशीबशी म्हणाली.

"मग काय, दसऱ्याला गाडी बिनपूजेची ठेवायची? आमच्या मिसेसनी केली सकाळी." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "पण एक सांगा, हॉर्नचा काय लफडा आहे? रोज साडेचारला आपोआप वाजतो. पहिल्या दिवशी सगळे टेन्शनमध्ये. मी स्वतः बॉनेट उघडलं, म्हटलं वायर काढून टाकू. बघतो तर आत बॅटरीच नाय! आता सवय झाली हो. हॉर्न झाला की बायका चहा टाकतात, सगळे खाली येतो. आत्ताच झाला, तुम्ही यायच्या आधी."

मग आई हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसू थांबेना. तिला पाहून सावंतांच्या मिसेस हसल्या, आणि दोन मिनिटांत आम्ही सगळे, जनार्दनसकट, त्या गाडीभोवती वेड्यासारखे हसत होतो. बाबा सोडून. ते चादरीची गाठ सोडत होते.

बॅटरी बसली, गिरीशने स्कूटरवरून पेट्रोल आणलं, तिसऱ्या प्रयत्नात इंजिन धरलं. सावंतांनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. आपट्याची पानं देऊन बाबांना मिठीही मारली. परतीच्या वाटेवर आई पुढे बसली होती, मुक्ता तिच्या मांडीवर, आणि आमच्यापुढे जनार्दनची रिक्षा उगाचच हॉर्न देत वाट मोकळी करत होती.

आमच्या बिल्डिंगच्या वळणावर बाबांचा हात हॉर्नकडे गेला, तशी आई ओरडली, "अहो थांबा! काहून घाई करून राहिले? मला आधी वर जाऊ द्या."

ती उतरली. गुडघे दुखत असताना तीन मजले चढली. आम्ही सगळे गाडीत बसून वर पाहत होतो. गॅलरीत तिचा पदर दिसला, तेव्हा बाबांनी हॉर्न दिला — एक लांब, दोन छोटे. पदर आत गेला. साडेसहा वाजले होते, पण त्या दिवशी ते साडेचारच.

यानंतर ती गाडी आपणहून कधीच वाजली नाही. पुढच्या रविवारी मी मल्टिमीटर घेऊन तिची एकेक वायर तपासली. कुठे शॉर्ट नाही, काही नाही. आणि वायरिंगमध्ये दोष सापडला असता तरी काय? बॅटरी बाबांच्या पलंगाखाली होती. सानपाड्याचा हॉर्न मधला हायवे ओलांडून नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू येणं, हेही माझ्या कुठल्या पुस्तकात बसत नाही. बाबा म्हणायचे, "नोंद करायची, निष्कर्षाची घाई करायची नाही." आईला विचारलं तर ती म्हणायची, "वायरी तू पाहा. हॉर्न वाजला का चहा टाकायचा, मला एवढंच समजते." खरं सांगायचं तर, याचं उत्तर कधीच मिळालं नाही तरी माझं काही अडणार नाही.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी चहा झाल्यावर बाबांनी खिशातून किल्ली काढली. थोडा वेळ हातात खेळवत बसले. ट्रेनची वेळ होत आली होती आणि आम्ही कोणीच घड्याळाकडे बघत नव्हतो.

"वंदू," ते म्हणाले, "घरात हातोडी आहे का? इथं दाराजवळ एक खिळा ठोकून दे."