अप्पांचा रिकामा तळहात

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते... पण खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढायला. सावली दिसली म्हणणाऱ्याला त्या दिवशी ताप होता का, आवाज आला म्हणणाऱ्याच्या माळ्यावर घुशी किती, असले प्रश्न मला आधी पडतात. माझा जन्म सरकारी दवाखान्यात नर्सची ड्यूटी करण्यात गेला. माणसं जन्मताना पाहिली, मरताना पाहिली, पण खाटेपाशी नातेवाइकांशिवाय तिसरं कुणी उभं राहिलेलं मला तरी कधी दिसलं नाही. देवाबद्दलचं माझं मत घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते कुणी विचारत नाही. हा एक प्रसंग मात्र भाचीनं डोकं खाल्लं म्हणून लिहिते आहे. वाचून माझ्या चुका तुम्ही काढा.

आमचं गाव मेहकर, तालुका भालकी, जिल्हा बीदर. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती, हैदराबाद स्टेट अजून मोडायचं होतं. आम्ही लिंगायत. घरात मराठी बोलायचो, मठात कानडी, आणि भांडण रंगलं की दखनी. वडील, म्हणजे अप्पा, शेती करायचे आणि आठवडी बाजारात धान्याचा थोडा व्यापार. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घरात अप्पा, धाकटा भाऊ मल्लू आणि त्याची बायको. मी लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन परत आले, हैदराबादला नर्सिंग शिकले आणि भालकीच्या दवाखान्यात लागले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात चांदीची एक डबी असते आणि डबीत इष्टलिंग, जांभळाएवढं, काळं, गुळगुळीत. ते देवळातल्या देवासारखं लांब नसतं, जन्मापासून मातीपर्यंत अंगावरच असतं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. त्याला दाखवल्याशिवाय घास नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. माझे यजमान पटकीनं गेले तेव्हा मी माझं लिंग काढून भिंतीतल्या देवळीत ठेवलं, ते पुन्हा घातलं नाही. त्यांच्यासाठी मी त्या लिंगाची काय काय विनवणी केली होती ते माझं मला माहीत. अप्पांनी पाहिलं, त्यांना लागलं, पण ते एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्या वाटचं पाणी ते आपल्याच लिंगावर घालायचे एवढं मला मल्लूनं सांगितलं होतं.

त्या वर्षी ज्वारी चांगली झाली होती. आमच्याकडं धान्य पेवात ठेवत, म्हणजे जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा-भुसा लावलेला, वर दगडी झाकण आणि माती. पेव भरताना एक जण आत उभा राहून ज्वारी पायानं दाबत राहतो. हे काम अप्पा दुसऱ्या कुणाला देत नसत. वाकून काम करताना डबी छातीवर आपटते म्हणून आमचे सगळे पुरुष ती पाठीवर फिरवून घेतात. अप्पांनीही घेतली. पाठीवरची वस्तू गेली तर कळणार कसं? पेव भरलं, झाकण बसलं, माती लिंपून झाली, अप्पा विहिरीवर अंघोळीला गेले, आणि गळ्याला हात लावला तर दोरा नाही.

तसंच पेव फोडलं. सगळी ज्वारी परत वर काढली, गल्लीतल्या बायांनी सुपं आणि चाळण्या आणल्या, पांढऱ्या ज्वारीत काळं लिंग लपायचं कुठं... पण बराच वेळ काहीच मिळालं नाही. मग खालच्या थरात तुटका दोरा आणि डबी मिळाली. डबीचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. पेवाचा तळ, भुसा, बैलगाडी, विहिरीची वाट, सगळं धुंडाळलं. उंदरानं ओढलं असेल, कुठल्या तरी पाटीतून शेणात गेलं असेल, मला त्यात काही नवल वाटलं नाही. हे सगळं नंतर कळलं म्हणा. मल्लूचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात होते, आणि निरोप लिंगाचा नव्हता. अप्पांनी अन्नपाणी सोडलं, असा होता.

मी रजा काढून आले तेव्हा अप्पा सोप्यात घोंगडीवर भिंतीला टेकून बसले होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली होती. त्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय माणूस किती तग धरतो हे मला चांगलं माहीत होतं. ते झोपले की मी ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसायची, दोन थेंब आत गेले तर गेले. जागे असताना फडकं जवळ आणलं की तोंड फिरवायचे.

गावच्या मठाचे स्वामी येऊन बसले. जुन्या काळी लिंग गेलं की प्राण द्यायचा असं म्हणत, पण आता तसं कुणी मानत नाही, मी नवीन देतो, पुन्हा दीक्षा घ्या, शास्त्राला चालतं, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी त्याला टाकलं न्हाई, अय्या. त्यो गेला. कामून गेला ते त्यानंच येऊन सांगावं." स्वामी माझ्याकडं बघत राहिले. मी काय सांगणार? जो नाहीच तो येऊन सांगणार कसा, हे त्या घोंगडीपाशी बसून बोलायची माझी छाती नव्हती.

मल्लूनं मग त्याच्या परीनं एक करून पाहिलं. स्वामींकडून गुपचूप एक लिंग आणलं, पेवातल्या धुळीत घोळलं आणि सापडलं, सापडलं म्हणत धावत आला. अप्पांनी ते तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि परत त्याच्या हातात दिलं. "जड हाय," एवढंच म्हणाले. मल्लू परसात जाऊन रडला. त्यानंतर आम्ही आणलेलं काहीच अप्पांना खरं वाटेना. मी नाडी धरली तरी माझ्या मुठीत काही आहे का ते आधी बघायचे.

आता ती सकाळ. लिंग नव्हतं तरी अप्पा रोज पूजेच्या वेळी बसायचे. रिकामा डावा हात पुढं धरायचे, उजव्या हातानं लहान तांब्यातून त्यावर पाणी सोडायचे. त्या दिवशी त्यांना बसवत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून त्यांना टेका दिला होता आणि त्याच डाव्या मनगटावर पल्स बघत होते. पल्स दोऱ्यासारखी बारीक लागत होती. माझं सगळं लक्ष त्या हातावर होतं, हे लक्षात घ्या. चांगलं ऊन सोप्यात आलेलं होतं.

अप्पांनी पाणी सोडलं... आणि ते तळहाताच्या मधे आलं आणि फुटलं. दोन बाजूंनी वळून बोटांकडं गेलं. मधला जांभळाएवढा गोल कोरडा राहिला. धारेत दगड असला की पाणी कसं वळतं, तसं. मी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः ओतलं. पुन्हा तसंच झालं. बोट लावून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही, नुसता तळवा, आणि तो कोरडा. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा पाणी साध्या हातावरून जातं तसं सरळ वाहून गेलं.

मी अप्पांकडं पाहिलं. ते डोळे उघडे ठेवून त्याच हाताकडं बघत होते, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी विचारलं, अप्पा, दिसलं का? काय दिसायचंय, म्हणाले, सगळा हात ओला झालाय.

सांगावं की नाही, असा मला प्रश्न पडला. माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. पण नाडी हाताखाली होती आणि वेळ थोडा होता. मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. पाणी मधे शिरेना, दोनदा फुटलं, तिसऱ्यांदा नाही, असं.

अप्पांनी ओला हात धोतराला पुसला. मग म्हणाले, "मल्लू दगड घेऊन आला, तू पाणी घेऊन आलीस. मला जगवायला खोटं बोलायलीस, गंगू."

मला राग आला. यजमान गेल्यापासून देव दिसला नाही, नाही, म्हणून खरं सांगत आले, ते कुणाला गोड लागलं नाही. आता दिसलं ते सांगते तर तेही खोटं. मी उठून चुलीपाशी जाऊन बसले आणि कितीतरी वेळ नुसती लाकडं पुढं-मागं करत राहिले. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत वाळून चालला होता, आणि माझ्याजवळ औषध म्हणून जे होतं त्यावर माझाच विश्वास नव्हता.

संध्याकाळी अप्पांनी मला हाक मारली. म्हणाले, उद्या तू तुझ्या हातावर पाणी घाल. मला काही दिसत नाही, तुला दिसतं म्हणतेस, तर तूच बघ आणि मला सांग. यावर मल्लूनं मला परसात ओढलं. "अक्का, व्हय म्हण. एक शबूद हाय. तुझं काय जातंय?" त्याचं बरोबर होतं. माझं काही जात नव्हतं. जो देव मी मानत नाही त्याच्या नावानं एक खोटं बोलायला हरकत कसली? पेशंटला बरं वाटावं म्हणून आम्ही दवाखान्यात रोज बोलतो. व्हय म्हणायचं, असं ठरवूनच मी झोपले.

सकाळी अंघोळ करून त्यांच्यासमोर बसले. कितीतरी वर्षांनी तळहात तसा पुढं धरला. पाणी ओतलं. ते साधं वाहून गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा तसंच. तळवा सगळा ओला. दारात मल्लू उभा होता, मान हलवून मला खुणावत होता.

अप्पांनी विचारलं, "दिसलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं. का आलं ते सांगता येत नाही. कदाचित कालचं खरं होतं, त्याच्याशेजारी हे खोटं ठेववेना. मल्लूनं कपाळावर हात मारून घेतला, आणि मी बापाला मारलं असंच मलाही त्या क्षणी वाटलं.

अप्पा माझ्याकडं बघत होते. माझ्या हाताकडं नाही, तोंडाकडं.

"आज व्हय म्हणाली असतीस, तर कालचं बी खोटं झालं असतं," ते म्हणाले. "आण, काय खायला आणतीस ते आण."

ते भाकरी मागायला लागले. मी भाकरी दिली नाही, आधी मीठ घातलेलं पाणी दिलं, मग पातळ आंबील, चमच्या-चमच्यानं. वाटी मल्लूच्या बायकोनं धरली होती.

अप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. भालकी-बीदर म्हैसूर राज्यात गेलं तेही त्यांनी पाहिलं. नवीन लिंग त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. रोज सकाळी रिकाम्या हातावर पाणी घालायचे, रिकाम्या हाताला ताट दाखवायचे आणि जेवायला बसायचे. गावात येईल-जाईल त्याला सांगायचे की माझ्या लेकीला दिसलं. मग बाया माझ्या पाया पडायला दवाखान्यापर्यंत यायच्या. त्यांना हाकलताना माझी पुरेवाट व्हायची.

शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी मीच होते. एक दिवस मनाचा हिय्या करून विचारलं, अप्पा, इतकी वर्षं रोज पाणी घातलंत, तुम्हाला कधी एकदा तरी दिसलं का?

"न्हाई," ते म्हणाले. "तुला दिसलं न्हवं? बास की."

मी कारणं शोधायची सोडली नाहीत. हाताला तेल असेल म्हणून तेल लावून पाहिलं, घट्टे असतील म्हणून शेतकऱ्यांचे तळवे तपासले, सुकलेल्या कातडीवर पाणी कसं वागतं ते कितीतरी पेशंटांच्या हातांवर पाहिलं. जागरणानं माझेच डोळे फिरले असतील, हेही धरून पाहिलं. एकही कारण तिथं नीट बसत नाही. देव होता असं म्हणावं, तर जो त्याच्यावाचून मरायला निघाला होता त्याला शेवटपर्यंत काही न दाखवता, ज्या बाईनं त्याला देवळीत टाकून दिलं होतं तिच्यापुढं दोन घटका येण्यात त्याचा काय हेतू होता, ते कळत नाही. मी अजून देव मानत नाही. पण असलाच, तर अप्पांना एकदाही दिसला नाही म्हणून त्याचा मला अजून राग येतो.