डावी-उजवी

पाटीवर काय वाट्टेल ते लिहिलेलं असो, गल्लीत त्या शिवणाच्या दुकानाला सगळे 'डावी-उजवी' म्हणत. डावी कापायची, उजवी शिवायची. दोघी विहिणी. उजवीची लेक ही डावीची सून, आणि पोरांच्या लग्नाचे कपडे शिवता शिवताच दोघींनी हे दुकान थाटलं होतं.

डावी खरोखरच डावखुरी. कातरकाम तिचं ती शिकलेली, त्यामुळं रीतही स्वतःची. आत-बाहेरची बाजू कळावी म्हणून सगळी दुनिया खडूची फुली कापडाच्या उलट्या, आतल्या बाजूला मारते, ही सुलट्या बाजूला मारायची. नऊ वर्षांत उजवीच्या बोटांना ती फुली अशी मुरली, की दुसरी रीत असते हेच ती विसरून गेली.

मग पोरांचा काडीमोड झाला. लेक एवढंच म्हणाली, "आई, तू आता त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार?" तिकडं मुलानंही तेच म्हटलं असावं, कारण डावी आपली कात्री पिशवीत घालून गेली ती परत आलीच नाही.

उजवीनं कापायला एक मास्तर ठेवला. गिऱ्हाईक गळायला लागलं. उरलं एकच मोठं काम, बँडवाल्यांचे बारा कोट. हेही गेलं तर दुकानाला कुलूप, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळीच बँडमास्तर आला, कोट घातला आणि आरशासमोर उभा राहिला. बाह्या पाठीकडं वळलेल्या.

"बाई, मी पुढं बघतोय आणि हात मागं निघालेत. ट्रंपेट पाठीनं वाजवू का?"

बाराच्या बारा तसेच. कापणारा मास्तर हात झटकत म्हणाला, "माझं कापणं बरोबर आहे. फुली उलट्या अंगालाच असते, जगात कुठंही जा."

उजवीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाह्यांवरची फुली तिनं सवयीनं बाहेरच्या अंगाला धरली होती.

"परवा आम्हाला वाजवायचंय," बँडमास्तर म्हणाला.

"उद्या संध्याकाळी या," ती म्हणाली आणि एक कोट काखेत मारून निघाली.

डावीच्या दारात मात्र ती घुटमळली. नऊ वर्षं तोंडात एकच हाक होती, विहीणबाई. ते नातं तर कोर्टानं खोडलेलं. घंटी वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

आता काय सांगायचं? घसा खाकरून ती म्हणाली, "उजवी आलीय."

मग कडी निघाली. "मग बाहेर काय करतेस? ये."

नऊ वर्षांचं अहो-जाहो त्या एका 'ये'मध्ये गळून पडलं.

डावीनं कोट पालथा केला, शिवण चाचपली आणि खुदकन हसली. "अगं, बाह्या चुकल्या नाहीत, जागा चुकल्यात. डावी उजवीकडं लाव, उजवी डावीकडं. कापड दोन्ही अंगांनी सारखंच आहे, कुणाला कळणार नाही."

"आणि तुझा मुलगा?"

"मुलाला सांगितलंय, बायको तू सोडलीस, मी कुणाला सोडलेलं नाही. तू येतेस कधी तेवढीच वाट बघत होते. किती दिवस लावलेस, बये."

कात्री पिशवीतच होती, ती घेऊन दोघी दुकानात आल्या. चोवीस बाह्या उसवून दोघींनी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला शेवटचा टाका घातला.

बँड गल्लीतून वाजत गेला तेव्हा बँडमास्तरनं दुकानासमोर मुद्दाम दोन्ही हात उंच केले. बाह्या कशा ऐटीत बसलेल्या. गल्लीनं टाळ्या पिटल्या.

लेक पायरीवर उभी होती. डावीच्या दिशेनं डोळ्यांनी खूण करून तिनं विचारलं, "आई, आता ह्या तुझ्या कोण लागतात?"

"ही? माझा उजवा हात."

लेकीला हसू आवरेना. थोडा वेळ ती उगाच रिळं चाळत राहिली. मग पर्समधून एक कुर्ता काढून तिनं डावीपुढं ठेवला. सासूला मारायची जुनी हाक ओठांवर आली होती, ती गिळून म्हणाली, "काकू, एवढा कंबरेत घ्याल?"

डावीनं चष्मा पुसला, खडू उचलला आणि फुली मारली. सुलट्या बाजूला.